बाटल्या स्वच्छ, हात अस्वच्छ

मी एक जुना ब्रश आहे आणि माझ्यामुळे या जगात सुमारे दीड हजार जीव जगले आहेत.

मित्रांनो, हे वाक्य मी बरीच वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं. आपल्या आत्मवृत्ताची सुरुवात दणक्यात व्हावी, असं कुणाला वाटत नाही? पण खरं सांगायचं तर जीव वाचवायचं काम डॉक्टर करतात, गायी करतात, कधी कधी नुसतं नशीब करतं. मी बाटल्या घासत होतो. वासरांना दूध पाजायच्या बाटल्या. दोन लिटरच्या, जाड प्लास्टिकच्या, तोंडाला लाल रबरी बोंडी असलेल्या. तान्ह्या बाळाची बाटली तुम्ही पाहिली असेल. तिचा आडदांड थोरला भाऊ समजा. आणि गोष्ट सांगायला मी बसलो असलो तरी ती माझी नाही. ती मावशीची आहे, आणि ठिपकी नावाच्या एका वासराची. मी फक्त भिंतीवर होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन तारा शेजारी धरायच्या, त्यांच्यामध्ये ताठ केस ठेवायचे आणि तारांना पीळ द्यायचा, की झाला ब्रश. याला एकूण चार सेकंद लागतात. इतक्या घाईत जन्माला घातलेल्याकडून लोक पुढे आयुष्यभर चिवटपणाची अपेक्षा करतात. बाटलीच्या बुडाशी पोहोचावं म्हणून माझ्या टोकाला केसांचा गोंडा होता आणि दुसऱ्या टोकाला पिवळी मूठ. दुकानात मी पाच महिने टांगून होतो. शेजारी माश्या मारायच्या जाळ्या लटकत होत्या, त्या हां हां म्हणता खपायच्या. घाण दिसली की माणूस आधी माशीवर धावून जातो. घासायला धावणारा विरळा.

शेवटी मला एका गोठ्याच्या मालकीणबाईंनी नेलं. हा गोठा दुधाचा नव्हता, वासरांचा होता. आसपासच्या दूधवाल्यांची वासरं जन्मल्यावर दोन-चार दिवसांत इथे यायची, तीन महिने बाटलीवर वाढायची आणि चारा खायला शिकून परत जायची. थोडक्यात, वसतिगृह. एक लांब पत्र्याची शेड, शेडीच्या टोकाला धुण्याची खोली. खोलीत सिमेंटचे दोन हौद, गरम पाण्याची टाकी, कायम गळणारा एक नळ, उंचावर खिडकी आणि बाटल्या उपड्या टाकायला लाकडी घोडी. दाराच्या अगदी समोर आजारी वासरांचा कप्पा.

या खोलीवर राज्य मावशीचं. मालकीणबाईंपासून दूध आणणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे. खरं तर मालकीणबाई तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. त्यावर मावशीचं म्हणणं होतं, "तुम्ही खुशाल मावशी म्हणा बाई. मी तुम्हाला म्हातारी म्हणत नाही, एवढं लक्षात असू द्या."

मावशीची घासायची रीत ठरलेली होती. आधी गार पाणी. "आधीच कढत ओतलं की दूध शिजून भिंतीला बसतं. मग बस खरवडत," असं ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची आणि नवा माणूस दुसऱ्या दिवशी इमानेइतबारे कढतच ओतायचा. गार पाण्यानंतर गरम पाणी आणि साबण. मग मी. बाटलीत सात फेरे, गोंडा बुडाला टेकवून; गळ्यापाशी आणखी तीन, कारण गळ्याला आटे असतात आणि आट्यांत दूध लपून बसतं. रबरी बोंडी ती मोज्यासारखी उलटी करायची आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवायची. जरा बुळबुळ लागली की पुन्हा साबण. "डोळ्याचं काही सांगू नका मला," ती म्हणायची. "डोळा वरवरचा. बोट खरं बोलतं." मग सगळ्या बाटल्या घोडीवर उपड्या, खडखडीत कोरड्या होईपर्यंत.

एकदा गुरांचे डॉक्टर मालकीणबाईंना म्हणाले, "तुमच्याकडे हगवणीचं वासरू मला वर्षाला दोन-तीनच दिसतं. बाकी ठिकाणी रांग असते. पाणी कुठलं वापरता?"

"विहिरीचं," मालकीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वहीत विहीर लिहून घेतली आणि विहिरीकडे आदरानं पाहून ते गेले. धुण्याच्या खोलीत कुणी डोकावलं नाही. मावशी मला झटकत म्हणाली, "झालं. विहिरीचं नाव झालं. चल, अजून बारा राहिल्यात."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि तेही विहिरीचं.

अशी दहा वर्षं गेली. मग मालकीणबाईंचे गुडघे गेले आणि गोठा बघायला जावईबापू आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. वासरांशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप लहान व्हायचा. कुणाला अरेतुरे नाही, की आवाज चढवणं नाही. त्यांनी जनावरांच्या आरोग्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलं होतं आणि त्या तीन दिवसांत जे शिकले त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. इतका विश्वास तीस वर्षं शिकलेल्या माणसाचा नसतो.

एका सकाळी निळ्या जंतुनाशकाचं पिंप आलं. जावईबापूंनी सगळ्यांना गोळा करून प्रयोग केला. काचेच्या दोन चपट्या ताटल्या, त्यांत जिवाणूंना आवडणारा खाऊ, जेलीसारखा थिजवलेला. एकीवर गढूळ, जिवाणूंनी भरलेल्या पाण्याचे थेंब टाकले. त्याच पाण्यात निळं औषध मिसळून पाच मिनिटं थांबले आणि त्याचे थेंब दुसरीवर टाकले. दोन दिवसांनी झाकणं उघडली. पहिल्या ताटलीत ठिपक्यांची जत्रा. दुसरी आरशासारखी लख्ख. सगळे आ वासून बघत राहिले. मला आ असता तर मीही वासला असता.

"पाच मिनिटांत सगळे खलास," जावईबापू म्हणाले. "मावशी, आता घासत बसायचं नाही. बाटली विसळायची, निळ्या पाण्यात टाकायची, दहा मिनिटांनी काढायची. तुमचा खांदा दुखतो ना?"

खांदा दुखत होता, हे खरंच होतं. इतक्या वर्षांत तसं कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं होतं.

"आणि आत चिकटलेलं?" मावशीनं विचारलं.

"मरतंय ना सगळं."

"मरतंय हो. पण मेलं तरी जातंय कुठं?"

सगळे खो खो हसले. मावशीही हसली. जाणकारांच्या बैठकीत शहाणं वाक्य बोललं गेलं की ते असं हसण्यावारी जातं.

पहिले आठ दिवस ती मला चोरून हातात घ्यायची. मग एकदा जावईबापूंनी पाहिलं. रागावले असते तर मावशीनं कंबरेला पदर खोचून भांडण केलं असतं. भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण ते नुसतं म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का मावशी?" इतक्या मऊ आवाजात म्हणाले की तिनं मला खिळ्याला टांगलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. कुणाचं मन मोडायला नको म्हणून आपण होकार देतो, आणि त्याचे हप्ते भलताच कुणी फेडतो.

मित्रांनो, इथे मला थोडं शास्त्र सांगायला हवं. जांभया देऊ नका. यात जीव गेले आहेत.

ताटलीवर मेले ते सुटे जिवाणू होते, पाण्यात एकटेदुकटे तरंगणारे. रस्त्यावरच्या एकट्या माणसाला कुणीही दरडावतं. पण त्याच जिवाणूंना दुधाच्या चिकटपणाचा आधार मिळाला की ते भिंतीला धरून बसतात, स्वतःभोवती बुळबुळीत गोंद सोडतात आणि त्या गोंदात पिलावळ वाढवतात. थरावर थर. शिकलेले लोक याला बायोफिल्म म्हणतात, मावशी बुळबुळ म्हणायची. ती म्हणजे जिवाणूंची गृहनिर्माण सोसायटी, कंपाउंडच्या भिंतीसकट. औषध आलं की वरच्या मजल्यावरचे मरतात आणि त्यांच्या मढ्यांची ताडपत्री पांघरून खालचे सुखरूप राहतात. त्यातून औषध दुधाच्या उरल्यासुरल्या अंशाशी झुंजून आधीच दमलेलं असेल, तर खालच्यांपर्यंत त्याची नुसती फुंकर पोहोचते. फुंकरीनं कुणी मरत नाही. सवय मात्र होते. उरलेले पुन्हा वाढतात आणि दुधात सुटे होऊन वासराच्या पोटात उतरतात. आधी घासून ही सोसायटी मोडायची, मग औषध घालायचं, असा तो क्रम आहे. निळं पाणी वाईट नव्हतं हो. आम्ही दोघं जोडीनं फार चांगलं काम करू शकलो असतो. आमची ओळखच कुणी करून दिली नाही.

शिवाय निळेपणा म्हणजे ताकद, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. हौदातला रंग संध्याकाळपर्यंत तस्सा राहायचा. ताकद दुपारीच संपलेली असायची. मी खिळ्यावरून बघायचो. बाटल्या बाहेरून इतक्या चकचकीत कधीच दिसल्या नव्हत्या.

महिन्याभरानं ठिपकी आली. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, आई बाळंतपणातच गेलेली, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. ज्याची गाय होती तो म्हणाला, मला हे पिल्लू नको, बघायलाच नको. मालकीणबाई काठी टेकत आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ही काही जगत नाही. मावशी, जगवलीस तर तुझी. घरी घेऊन जा."

मावशी वर्षभरात काम सोडणार होती. घरी दोन खोल्या आणि मागे अंगण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या गावी, दर रविवारी फोन करून "कशी आहेस?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणायचा. त्या दिवशी संध्याकाळी मावशी मला उद्देशून म्हणाली, "घरात बोलायला कुणी असलं म्हणजे बरं." दुसऱ्या दिवशी तिनं सुताराकडून अंगणात लाकडी कठडा घालून घेतला. सुतार म्हणाला, "जनावर आधी जगू दे, मग कठडा करू." मावशी म्हणाली, "तू खिळे ठोक. जगायचं आम्ही बघतो."

ठिपकी रबर तोंडात घेईना. जीभ बाहेर टाकून मान फिरवायची. मग मावशी दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात द्यायची. ठिपकी बोटं चोखायला लागली, तंद्री लागली, की बोटांच्या शेजारून हळूच बोंडी सरकवायची आणि बोटं काढून घ्यायची. फसवणूकच ती, पण सगळ्या आयांनी कधी ना कधी केलेली. पुढे पुढे ठिपकीला बाटलीही चालू लागली, पण आधी बोटं हवीतच. दारात मावशी दिसली की ती हंबरायची नाही. नुसती जीभ बाहेर काढून उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं पहिली उडी मारली आणि तोंडावर आपटली. मावशी हसून हसून खाली बसली. "अगं बये, पाय चार आहेत, एकेक करून वापर!"

त्याच आठवड्यात शेडीत हगवण सुरू झाली. आधी तीन वासरं, मग नऊ. दोन गेली. जावईबापूंची झोप उडाली. त्यांनी निळ्या पाण्यात आणखी औषध ओतलं, आणि शोध लावायचा ठरवला. हौदातून काढलेल्या बाटल्यांत पाणी घालून हलवलं आणि ते ताटल्यांवर टाकलं. मग कापसाची काडी मावशीच्या हातांवर फिरवली आणि ती वेगळ्या ताटलीवर घासली. दोन दिवसांनी बाटल्यांच्या ताटल्या लख्ख. हातांच्या ताटलीत जत्रा.

मित्रांनो, चूक कुठं झाली ते मी खिळ्यावरून पाहिलं आणि ओरडता येत नाही म्हणून आजही माझे केस ताठ होतात. बाटलीत निथळायचं राहिलेलं निळं औषध होतं. ते त्या पाण्याबरोबर ताटलीवर गेलं आणि तिथेही कुणाला उगवू देईना. भिंतीवरचा थर तर नुसतं हलवून सुटतच नाही, तो आपला जागेवर बसून राहिला. हातांवर औषध नव्हतं, म्हणून हातांवरचं सगळं उगवलं. हात कुणाचाही घ्या, काहीतरी उगवतंच; राजाचा घेतला तरी. उगवलेले हे जिवाणू आहेत कोण आणि वासरांच्या पोटात आहेत ते हेच का, एवढं विचारायला हवं होतं. जावईबापूंना ते सुचलं नाही. चौथ्या दिवशी शिकवत असतील.

त्यांनी भिंतीवर कागद लावला. सुवाच्य अक्षरात: 'बाटल्या – स्वच्छ. हात – अस्वच्छ.' खाली सही आणि तारीख. नाव कुणाचं लिहिलं नव्हतं, तेवढी सभ्यता पाळली होती. पण त्या खोलीत हात एकीचेच होते.

मावशीनं कागद दोनदा वाचला. "माझे हात?"

"तुमचे असं नाही मावशी. हात. कुणाचेही असतात."

"तपासले तर माझेच."

जावईबापूंनी कागदाचा सुटलेला कोपरा चिकटवला. मग म्हणाले, "काळजी घेतली की झालं."

मावशीनं काळजी घेतली. दिवसातून दहा-दहा वेळा ती मनगटापर्यंत हात निळ्या पाण्यात बुडवून उभी राहायची, तोंडानं आकडे मोजत. तळव्यांवरच्या रेषा आधी पांढऱ्या पडल्या, मग फाटल्या. मग तिनं रबरी हातमोजे मागितले आणि वरून ते घातले. दहा वर्षं जे बोट खरं बोलतं म्हणून ती मिरवायची, त्या बोटाला तिनं आता तोंड उघडू दिलं नाही.

आणि ठिपकी? ती दारात जीभ काढून उभीच. मावशी बाटली काखेत धरायची, एक हात पाठीमागे न्यायची आणि मान फिरवून पाजायची. ठिपकी बाटली सोडून तो हात शोधायची. मान लांब करून, मोज्याचं रबर हुंगून परत मागे यायची. "नको गं," मावशी म्हणायची. "माझ्या हाताला रोग आहे. बाटली घे. बाटली चांगली आहे."

ती बाटली मी ओळखत होतो. गळ्याच्या आट्यात काय बसलं आहे ते मला भिंतीवरून कळत होतं. माझ्यात आणि त्या बाटलीत जेमतेम तीन हात अंतर होतं.

पाचव्या दिवशी ठिपकीला हगवण लागली. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी दर दोन तासांनी द्यायला सांगितलं. दर दोन तासांनी बाटली निळ्या पाण्यातून निघायची आणि ठिपकीच्या तोंडाला लागायची. पाणी जितक्या मायेनं दिलं जात होतं, तितका रोग आत जात होता. शास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही.

पाच दिवस असे गेले आणि सहाव्या सकाळी, ऊन नुकतं कप्प्यात आलं असताना, तिनं मान पोत्यावर टाकली. मावशी शेजारी बसली होती, हातभर अंतर सोडून, दोन्ही हात मोज्यांसकट मांडीखाली दाबून. ठिपकीनं जीभ थोडी बाहेर काढली. भुकेसाठी नाही. तिला बाटली नको होती.

जावईबापू दारात उभे होते. "मावशी, हात लावा हो तिला. एकदा तरी."

"नको," मावशी म्हणाली. "बाकीच्यांना लागेल."

थोड्या वेळानं जीभ आत घ्यायला ठिपकी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं काम सोडलं. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, वासरं जातात. आजवर गेली नाहीत का?" मावशी म्हणाली, "गेली. पण माझ्या हातानं नव्हती गेली." निघताना ती धुण्याच्या खोलीत आली आणि माझ्याकडे पाहून जावईबापूंना म्हणाली, "हा नेला तर चालेल?"

"न्या ना. पण काय करणार त्याचं?"

"काही नाही. तुमचा खिळा मोकळा होईल."

असा मी तिच्या घरी आलो. खिडकीतल्या पेल्यात उभा. समोर अंगण, अंगणात नवाकोरा लाकडी कठडा, कठड्यात काही नाही. मावशी स्वतःचं जेवणसुद्धा चमच्यानं जेवायला लागली. शेजारची सून आपलं बाळ पुढे करून म्हणायची, "घ्या की आजी, तुमच्याकडे झेपावतंय बघा." मावशी दोन्ही हात पाठीमागे न्यायची आणि लांबूनच मान हलवून त्या बाळाला हसवायची. सुनेला वाटलं, म्हातारीला मुलांचा कंटाळा आहे. रविवारी मुलाचा फोन आला. "कशी आहेस?" मावशी आपल्या हातांकडे बघत राहिली. तो म्हणाला, "बरं, ठेवतो."

गोठ्यात पुढल्या तीन आठवड्यांत आणखी पाच वासरं गेली. पाचवं गेल्यावर जावईबापू बराच वेळ त्या कागदासमोर उभे राहिले म्हणे. हात निघून गेले होते, रोग तिथेच होता. एवढं गणित त्यांनी स्वतःचं स्वतः सोडवलं, आणि पटण्यासारखं नसूनही पटवून घेतलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी बाटल्या पोत्यात भरल्या, मेलेल्या वासरांचे नमुने घेतले आणि स्वतः प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथल्या ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि करवतीनं एक बाटली उभी कापली.

हे मला कळलं ते त्या ताईच जावईबापूंबरोबर मावशीच्या घरी आल्या तेव्हा. त्यांनी कापलेल्या बाटलीचा तुकडा पिशवीतून आणला होता. आत जांभळा रंग ओतून पाण्यानं धुतला होता. स्वच्छ भिंतीवर तो रंग टिकत नाही. इथे गळ्यापासून बुडापर्यंत जांभळं पांघरूण घातल्यासारखं दिसत होतं.

"हा थर बघा मावशी," ताई म्हणाल्या. "वासरांच्या पोटात सापडले ते जिवाणू यातलेच. तुमच्या हातावरची ताटली यांनी सुदैवानं ठेवली होती, तीही मी पाहिली. तुमच्या हातावरचे वेगळे. ते माझ्याही हातावर आहेत. त्यांनी कुणी मरत नाही."

मावशीनं तुकड्याला हात लावला नाही. लांबूनच पाहिलं.

"म्हणजे हातानं नाही गेली."

"नाही हो."

"बाटलीनं गेली."

"हो."

"आणि बाटली धरली होती कुणी?"

ताईंनी तुकडा परत पिशवीत ठेवला.

"बोटं मागत होती ती," मावशी म्हणाली. "शेवटपर्यंत मागत होती. मी दिली नाहीत. दिली असती तर काही झालं नसतं म्हणा की."

"काही झालं नसतं," ताई म्हणाल्या.

उत्तर खरं होतं. खरं उत्तर देणाऱ्या माणसाला कधी कधी कुणीतरी कोपरानं ढोसायला हवं.

"चूक माझी आहे मावशी," जावईबापू म्हणाले. "सगळी माझी. तुम्ही परत या. कागद मी काढून टाकलाय. पुन्हा घासायला सुरुवात केलीय, मी स्वतः घासतो. सात फेरे आणि गळ्यापाशी..."

"तीन."

"तीन."

"बोंडी उलटी करायची."

"करतो."

"मग झालं तर," मावशी म्हणाली. "आता मी येऊन काय करू? बसा, चहा ठेवते." आणि चहा ठेवायला उठताना तिनं सवयीनं कोनाड्यातले रबरी मोजे घातले. त्या दोघांनी ते पाहिलं. चहा झाला, पिऊन झाला. चांगला झाला होता म्हणतात.

निघताना ताईंची नजर माझ्यावर पडली. "हाच का तो ब्रश? देता मला? प्रयोगशाळेत शिकायला मुलं येतात, त्यांना दाखवीन. यानं एवढी वर्षं रोग थोपवून धरला, म्हणून सांगीन."

"न्या," मावशी म्हणाली. "त्याला तरी शाळा बघू दे."

तेव्हापासून मी इथे आहे, काचेच्या कपाटात. तुम्ही रांगेनं येता, नाक काचेला लावता, म्हणून तुम्हालाच सांगतो मित्रांनो. औषधाआधी घासा. रंगावर जाऊ नका, वासावर जाऊ नका. वस्तू बाहेरून चकाकते तेव्हा तिच्या आत एकदा बोट फिरवून बघा. आणि भिंतीवर कागद लावायचाच असेल तर पेन्सिलीनं लिहा. कागद काढता येतो. ज्यानं वाचला त्याच्या हातांतून तो निघत नाही.

एवढं बोलून मी थांबणार होतो. पण कपाटात ठेवण्यापूर्वी ताईंनी माझीही तपासणी केली होती. माझे चार केस मुळापासून उपटून त्यांनी तोच जांभळा रंग लावला. तारेच्या पिळात, केसांच्या मुळाशी, थर होता. जिवाणू तेच होते. ते माझ्यात निळ्या पाण्यानंतरच्या चोरट्या आठ दिवसांत आले, की त्याआधी कित्येक वर्षं होते आणि बाटल्यांत मीच त्यांना पोहोचवलं, हे ताईंना सांगता आलं नाही. मलाही सांगता येत नाही. ताईंनी तो निकाल वहीत लिहिला आणि मावशीला कळवला नाही.

माझ्या मुठीवर कारखान्यानं बारीक अक्षरांत छापलं होतं, 'दर तीन महिन्यांनी बदलावा.' ती अक्षरं मावशीच्या तळव्यानं पहिल्याच वर्षी झिजून गेली. मला अकरा वर्षं झाली आहेत.